बाराचा खेळ

मोजायची सवय जात नाही.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
नोटांची बंडलं मोजली,
आता समोर येईल ते मोजतो:
गोळ्या, पुलावरचे दिवे,
बाराच्या खेळाला आलेली माणसं.
नऊ. मला धरून.

लभडे तिकीट फाडत म्हणाला,
काल चार होते, त्यातले दोन झोपलेले.
शुक्रवारी काढतायत.

घरी सांगितलं होतं,
बँकेत हयातीचा दाखला द्यायला चाललोय.

पडद्यावर एक बाई नवऱ्याला
सकाळी चहा देते, दुपारी टोमणा,
रात्री पुन्हा चहा.
तो मेलाय
हे तिच्या तिसऱ्या दिवशी लक्षात येतं,
पेपरची घडी मोडलेली नाही म्हणून.

इथे एक जण हसला आणि लगेच खोकला.
मेडिकलवाला असावा, पायाशी खोक्यांची पिशवी.
कोपऱ्यातलं कॉलेजचं जोडपं अंधारासाठी आलेलं;
त्यांनी हात सोडले
आणि सिनेमा बघायला लागले.

मग भेटायला लोक येतात.
जेवलात का, झोप लागते का,
इतकं बाईला कधी कुणी विचारलेलं नसतं.
तेरावा होतो. दारातल्या चपला कमी होतात.
तेव्हा ती फोन उचलते
आणि सासऱ्यालाही मारून टाकते,
जो वीस वर्षांपूर्वीच गेलेला.
पुन्हा चपला.

एक जण तावातावाने उठला.
पोस्टरवर कॉमेडी लिहिता,
बायकोला आणणार होतो, बरं झालं नाही आणलं.
बाहेर तो लभडेशी पैशांवरून भांडत राहिला,
दार उघडं, मेन रोडचे हॉर्न आत,
उजेडाची एक पट्टी रिकाम्या खुर्च्यांवरून.

दार लागलं,
आणि पुढून तिसऱ्या रांगेतून एक हसू आलं.
आधी नाकातून,
मग तोंडात पदर कोंबून,
मग पदरालाही न जुमानता.

हे हसू माझ्या ओळखीचं होतं.
शेवटचं ऐकलं ते जेलरोडच्या भाड्याच्या खोलीत,
स्टोव्ह भडकून माझी अर्धी मिशी गेली तेव्हा.

कुमुदिनी.
जी सकाळी म्हणाली होती,
पंचवटीत वन्संकडे जाऊन येते,
गुडघ्याचं तेल घ्यायचंय.

नऊ मोजले त्यात तिलाही मोजलं होतं,
मागून, आंबाड्याच्या पिनांसकट,
आणि पुढच्या डोक्याकडे वळलो होतो.

मग मीही हसलो. अर्ध्या श्वासाने.
तिची मान थबकली.
वळली नाही.
पडद्यावरची बाई रिकाम्या खुर्चीला विचारत होती,
साखर पुरे का?

सुटल्यावर मेडिकलवाला लभडेला म्हणाला,
असलं इथे चालत नाही हो,
आणि जाताना पोस्टरचा फोटो काढला.
मुलगी डोळे पुसत होती,
मुलगा स्कूटरची चावी शोधत होता,
चावी त्याच्या हातातच होती.
एक गृहस्थ सगळी नावं सरून पडदा पांढरा झाला
तरी बसून.
झाडूवाली काही न बोलता दुसऱ्या टोकाकडून लागली.

मी मुतारीत पाच मिनिटं जास्त काढली,
तिला रिक्षा मिळावी म्हणून.

घरी तेलाची बाटली कुठे दिसली नाही.
माझ्या खिशातही पावती नव्हती.
रात्री ताटं घेतली.
मेथी जरा कडू होती, मी ते बोललो नाही.

झाला का दाखला? तिने विचारलं.
म्हटलं, मशीनवर अंगठा उमटत नाहीये,
पुन्हा बोलावलंय.

भाकरीचा तुकडा मोडत,
ताटातच बघत ती म्हणाली,
मग शुक्रवारच्या आत जाऊन या.
मीही येते.